बंदीनंतर मासळीची गाडी स्टार्ट घेत नाही? आधी धूर बघा, पंप मागाहून



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडी वर ओढून झाकतो, जाळी दुरुस्त करतो, पण मासळीची गाडी मात्र माडाखाली तशीच उभी. ऑगस्टात पहिली खेप लागते, क्रेटमध्ये बर्फ भरून होतो, आणि सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. कशीबशी पेटली तर स्लोला अशी थरथरते की मागचे क्रेट नाचतात. लिलाव कोणासाठी थांबत नाही. मग घाईत गॅरेजवाला सांगतो, "पंप उतरवावा लागेल." आमचं म्हणणं, पंप सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या तपासण्यांना फारसा खर्च नाही, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

हे सगळं जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे जुनी ४०७ वगैरे. नव्या कॉमन रेल गाडीची डिझेलची पायपं घरी कधीच सैल करू नका.

पहिली गोष्ट, इंजिन जोरात फिरतंय का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सेल्फ मंद फिरला तर हवा तापतच नाही. रात्रभर उभ्या गाडीची चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, तरीही तसंच झालं तर बॅटरी गेली. पण आपल्या गाड्यांचं खरं दुखणं अर्थिंग. बर्फाचं खारट पाणी रोज चॅसीवर ठिबकतं आणि अर्थिंगच्या पट्टीखाली गंज धरतो. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, गाडी न्यूट्रलला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी खोला, पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावून घट्ट करा.

इंजिन चांगलं फिरतंय, तरी पेटत नाही? मग एकाने सायलेन्सरकडे उभं राहावं. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल इंजिनात पोचतच नाही. इथे आधी स्टॉपची केबल बघा. खाऱ्या हवेत ती गंजून अर्ध्यात अडकते आणि पंप बंदच राहतो. आतून दांडा पूर्ण ढकललेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर मागे आलेला नसतो. हाताने सरकवून बघा.

पांढरा धूर आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. ग्लो प्लगची गाडी असेल तर ते तपासा. नसेल तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचा टायमिंग. पांढरा धूर थांबतच नाही आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. काळा धूर आला तर एअर फिल्टर आणि नॉझल बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

आता हवा. ह्यावर जरा थांबू, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढून येतं. त्या नळीला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. खाली सगळं कोरडं, म्हणून कोणी बघतच नाही. खूण अशी: रात्री उभी केलेली गाडी सकाळी पेटत नाही, हातपंप मारला की पेटते आणि थोड्या वेळाने मिस मारून बंद पडते. खात्री करायची तर टाकीची लाइन सोडवून फीड पंपाला छोटी नवी नळी लावा आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, मग स्क्रू आवळा. असं केल्यावर गाडी नीट चालली तर दोष टाकी, नळी किंवा तांब्याच्या वायसरात. पंप निर्दोष. उंदरांनी कुरतडलेली नळीही पावसाळ्यानंतर बऱ्याचदा निघते. फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल.

गाडी पेटते पण स्लोला थरथरते, तेव्हा कुठला सिलेंडर मेलाय ते शोधायचं. गाडी चालू ठेवून नॉझलवरच्या पायपाचा नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा. आवाज पडला तर तो सिलेंडर कामाचा, लगेच आवळा. काहीच फरक पडला नाही तर गुन्हेगार तोच. मग त्याचं नॉझल दुसऱ्या सिलेंडरला लावून बघा. दोष नॉझलबरोबर सरकला तर नॉझल चेक करून घ्या. जागेवरच राहिला तर टॅपेट, मग कॉम्प्रेशन. मात्र सांभाळा: ह्या पायपातला फवारा कातडीतून आत घुसतो. नटावर जाड फडका, डोळ्याला चष्मा, हात फवाऱ्यासमोर नाही. फवारा लागून बारीकसं टोचल्यासारखं झालं तरी तसंच हॉस्पिटलात जा.

एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरणं आणि स्टार्टिंग स्प्रे मारणं, दोन्ही बंद करा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्प्रे वेळेआधीच भडकतो, पिस्टन फुटू शकतो.

ट्रॉलरवरच्या साध्या पंपाच्या जुन्या इंजिनालाही हीच पद्धत चालते. फक्त तिथे बंद खोलीत गरम इंजिनावर डिझेल सांडू देऊ नका. पुढच्या बंदीला गाडी उभी करताना टाकी भरून ठेवा आणि बॅटरीची मायनस तार काढा. अर्धी टाकी राहिली की रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते डिझेलमध्येच उतरतं.