मडक्यातील भविष्य

माघ महिना सरत आला, शाळेच्या अंगणातील कडुनिंबाची पाने गळू लागली, की दहावीच्या वर्गात अभ्यासाबरोबर आणखी एका गोष्टीची कुजबुज सुरू होते. निरोपसमारंभाचा दिवस जवळ आलेला असतो. त्या दिवशी भाषणे होतात, पाहुण्यांना हार घातले जातात, जाणारा वर्ग शाळेला एखादे घड्याळ भेट देतो. परंतु मुलांचे खरे लक्ष असते ते टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या मडक्याकडे. मडक्याच्या तोंडाला लाल कापड बांधलेले असते आणि आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठीत वर्गातील कोणा एकाचे भविष्य लिहिलेले असते. ते लिहिणारा ज्योतिषी नसतो. शेजारच्या बाकावर बसणारा सोबतीच असतो.

या प्रकाराला महाराष्ट्रातील महाविद्यालयांत 'शेला-पागोटे' असे मोठे नामी नाव आहे. पूर्वी लग्नकार्यात किंवा दरबारात मानकऱ्याच्या खांद्यावर शेला आणि डोक्यावर पागोटे घालून त्याचा गौरव करीत. विद्यार्थ्यांनी तो मान उचलला आणि थट्टेच्या कामी लावला. मिळणारे पागोटे शब्दांचे, पण थाट मात्र दरबारी. इंग्रजी शिक्षणाबरोबर 'फिशपाँड' हे दुसरे नाव आले. तळ्यात गळ टाकून मासा काढावा तशी पेटीतून चिठ्ठी काढावयाची, म्हणून हे नाव. अमेरिकेतील विद्यालयांत तर एकोणिसाव्या शतकापासून पदवीदानाच्या सुमारास वर्गाचा एक 'भविष्यवेत्ता' निवडीत. तो सर्वांसमोर उभा राहून पुढील वीस-पंचवीस वर्षांत कोणाचे काय होणार ते गंभीर मुद्रेने वाचून दाखवी. देश कोणताही असो, सोबत्यांची ताटातूट होण्याच्या वेळी रडू लपविण्यासाठी मुलांना हसण्याची गरज भासतेच.

वैजापूर तालुक्यातील एका गावच्या शाळेत असाच एक समारंभ झाला. मडक्यात हात घालून पहिली चिठ्ठी निघाली, ती रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाची. "हा पुढे रोटेगावच्या रेल्वे स्थानकाचा स्टेशनमास्तर होईल. गाडी उशिरा आली, असे तेथे कोणी कधीही म्हणणार नाही. कारण गाडी येईल तेव्हा स्टेशनमास्तरच आलेला नसेल." सारा वर्ग हसला आणि तो मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. नंतर गणितात शून्यांची रास जमविणाऱ्या एका विद्यार्थ्याची पाळी आली. "हा कोट्यधीश होणार. लागणारी सारी शून्ये त्याने आताच जमवून ठेवली आहेत. त्यांच्याआधी लावावयाचा एकच आकडा शोधणे बाकी आहे." मधल्या सुट्टीत प्रत्येकीच्या डब्यातून घासभर काढून घेणारी मुलगी तहसीलदार होणार, कारण तिची शेतसाऱ्याची वसुली आतापासूनच चोख आहे. आकाशवाणीवर निवेदिका होणारीबद्दल एवढीच चिंता व्यक्त झाली होती की, सकाळच्या बातम्या ती संध्याकाळपर्यंत संपवू शकेल किंवा नाही. आणि दुपारच्या तासाला ज्याची मान हमखास कलते, त्याला रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची जागा मिळाली. दिवसा झोपण्याची तालीम त्याने पुरी केली होती.

या चिठ्ठ्या हसवितात कशामुळे? त्या पतंगासारख्या असतात. पतंग उंच जातो, पण त्याची दोरी कोणाच्या तरी हातात असते. उशिरा येणे, डबा खाणे, बडबड करणे ही साऱ्या वर्गाला ठाऊक असलेली दोरी. स्टेशनमास्तर, तहसीलदार, निवेदिका हा वर गेलेला पतंग. दोरी नसेल तर चिठ्ठी कोणालाही लागू पडते आणि म्हणून कोणालाच लागू पडत नाही. पतंगच नसेल तर उरते केवळ उणे काढणे. अमुक एक मुलगा आळशी आहे, हे सांगावयास मडके कशाला हवे?

चांगली चिठ्ठी लिहावयास सोबत्याकडे वर्षभर बारकाईने पाहावे लागते. ज्याच्याविषयी काहीच लिहिता येत नाही, त्याच्याकडे वर्गाने कधी पाहिलेलेच नसते. मागच्या बाकावर बसणाऱ्या, वस्तीवरून चालत येणाऱ्या आणि घंटा होताच निघून जाणाऱ्या मुलाच्या नावाची चिठ्ठी पुष्कळदा निघतच नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे जाऊन चार-पाच महिने वर्गाबाहेर राहिलेल्या मुलाची तर हजेरीपटाखेरीज कोणी आठवणही काढीत नाही. थट्टेने माणूस दुखावतो हे खरे; पण साऱ्यांची थट्टा झाली आणि आपली तेवढी राहिली, तर तेही थोडे दुखत नाही.

थट्टेची मर्यादा कोठे असावी, याचा विचार मराठीच्या बाईंनी आधीच केला होता. चिठ्ठ्या मडक्यात पडण्यापूर्वी त्या वाचून पाहत. जी गोष्ट सोडून देणे त्या मुलाच्या हाती आहे, तिच्यावर थट्टा चालेल. जी त्याच्या हाती नाही, तिच्यावर चालणार नाही, एवढाच त्यांचा नियम होता. उशीर उद्या टाळता येतो. रंग, उंची, अडखळणारी जीभ ही कोणाला टाळता येत नाहीत. "हा बापाचाच धंदा चालविणार" अशा आशयाच्या चिठ्ठ्या त्यांनी मुकाट्याने बाजूला काढल्या. धंद्यात कमीपणा होता म्हणून नव्हे. दहावीतल्या मुलापुढे एकच दार उघडे ठेवून बाकीची लावून घेणे, याला भविष्य कसे म्हणावे?

सोबत्यांनी केलेली पारख कधी कधी मोठी अचूक ठरते. बाळ गंगाधर टिळक १८७३ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा व्यायामाला दिले आणि शरीर कमावले. त्यांच्या सडेतोड बोलण्यामुळे मित्र त्यांना 'मिस्टर ब्लंट' म्हणत. बोलण्याची ती रीत पुढे 'केसरी'च्या स्तंभांत उतरली. १८९७ मध्ये त्यांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची. मित्रांनी थट्टेने दिलेली पदवी सरकारने अगदी गंभीरपणे घेतली, असेच म्हणावे लागते.

परंतु पारख आणि भाकीत यांत अंतर आहे. मित्रांना टिळकांचा स्वभाव दिसला. मंडाले दिसले नाही. याचे ठळक उदाहरण वैजापूर तालुक्यातच आहे. १९१९ साली या तालुक्यातील खंडाळा गावी अनंत भालेराव यांचा जन्म झाला. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आदल्याच वर्षी हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि सरकारी नोकरीची वाट त्या भाषेतूनच जात होती. त्या दिवसांत खंडाळ्याच्या पारावर कोणी मडके ठेवले असते, तर त्यातून कारकून निघाला असता, तलाठी निघाला असता, फार तर वकील निघाला असता. मराठी वृत्तपत्राचा संपादक मात्र निघाला नसता. 'मराठवाडा' हे पत्र आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केले ते १९३८ मध्ये. भालेराव हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरले, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, आणि पुढे त्याच 'मराठवाडा' पत्राचे संपादक म्हणून त्यांनी दीर्घ काळ लेखणी चालविली. चिठ्ठी लिहिणाऱ्याला गावात आधीपासून असलेल्या वाटा तेवढ्या दिसतात. जी वाट अजून पडलेलीच नाही, ती त्याने कोठून लिहावी?

त्या दिवशी मडके जवळजवळ रिकामे झाले होते. एक चिठ्ठी निघाली, ती पहिल्या बाकावरच्या एका मुलीची. नियमाप्रमाणे ती तिनेच मोठ्याने वाचली. "पुढच्या दिवाळीनंतर आपण सर्व जण हिच्या लग्नाच्या पंगतीत बसून जिलेबी खाणार." बाईंच्या नियमातून ही चिठ्ठी निसटली होती, त्यांना तीत काही वावगे दिसले नव्हते. वर्ग हसला. ज्याने ती लिहिली होती, तो तर बाक बडवून हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. कागद तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि त्याची कड थरथरत होती.

वर्गाला ठाऊक नव्हते ते इतकेच की, तिच्या घरी ही गोष्ट थट्टेची राहिली नव्हती. गावात दहावीपुढे वर्ग नाहीत, वैजापूरला रोज जाणे-येणे कोणाच्या भरवशावर, असे दिवाळीपासून घरात चालले होते. एक स्थळही सांगून आले होते. मुलीच्या लग्नास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हा कायदा वडिलांना माहीत नव्हता असे नाही. तूर्त बोलणी करून ठेवू, एवढेच ते म्हणत. अशा बोलण्यांतूनच मुलींची शाळा सुटते, हे मराठवाड्यातील कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

हसणे हळूहळू थांबले. मुलीने बाईंकडे पाहिले आणि विचारले, "बाई, मला एक कोरी चिठ्ठी मिळेल?"

टेबलावर कागदाचा तुकडा होता. तिने उभ्यानेच दोन ओळी लिहिल्या, घडी घातली आणि मडक्यात टाकली. बाईंनी ती काढून वाचली. "पावसाळ्यात अकरावीचे वर्ग सुरू होतील. त्या दिवशी ही मुलगी सकाळच्या वैजापूरच्या एसटीत खिडकीजवळ बसलेली असेल."

यात विनोद काहीच नव्हता. कोट्यधीश, तहसीलदार, स्टेशनमास्तर यांच्या रांगेत हे भविष्य फारच लहान दिसत होते. तरीही वर्गात इतकी शांतता झाली की, व्हरांड्यातील पाण्याच्या नळाची ठिबक ऐकू आली.

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि गोपाळ गणेश आगरकरांची हकीकत सांगितली. सातारा जिल्ह्यातील टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे सारे शिक्षण दारिद्र्यात झाले. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा घालावा. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, असे आईला वाटणे स्वाभाविक होते. पण आगरकरांनी शिकत असतानाच आईला पत्र लिहिले. पोटापुरते मिळाले की मी समाधान मानीन आणि उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन, असा त्यातील आशय होता. पुढे ते टिळकांच्या बरोबरीने न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात पडले, 'केसरी'चे पहिले संपादक झाले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि मुलींच्या शिक्षणाची बाजू घेऊन लोकांचा रोष ओढवून घेतला. वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आत, १८९५ मध्ये, ते वारले. "आईने त्यांच्यासाठी एक चिठ्ठी मनात लिहून ठेवली होती," बाई म्हणाल्या, "आणि त्यांनी आपली चिठ्ठी स्वतः लिहिली. आई वाईट नव्हती, बरं का. तिला तेवढीच वाट दिसत होती."

समारंभ संपला. जिलेबीची चिठ्ठी लिहिणारा मुलगा फाटकाशी घुटमळत उभा होता. मुलगी जवळ येताच तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर लिहिली नसतीस," ती म्हणाली. "पण जिलेबी तू खाशील. निकालाची."

चार दिवसांनी बाई तिच्या घरी गेल्या. कायद्याचा विषय त्यांनी आधी काढला नाही. बारावीपर्यंत गावच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, हे सांगितले. गावातील आणखी दोघी वैजापूरला जाणार आहेत, हेही सांगितले. वडिलांनी पुष्कळ वेळ काहीच उत्तर दिले नाही. अखेरीस त्यांनी एवढेच विचारले, "परतीची गाडी किती वाजता असती?" बाईंनी वेळ सांगितली. मग त्यांनी लग्नाच्या वयाचाही विषय काढला. तो ऐकून घेतला गेला.

निकाल लागला, जिलेबी वाटली गेली, आणि अकरावीचे वर्ग सुरू होण्याचा दिवस उजाडला. रात्रभर पाऊस पडला होता. तिठ्यावर तिघी मुली छत्र्या घेऊन उभ्या होत्या. जिची चिठ्ठी सर्वांत लहान होती, ती सर्वांच्या पुढे. एसटी पाऊण तास उशिरा आली. स्टेशनमास्तर होणारा मुलगा त्या दिवशी मात्र गाडीच्या आधी हजर होता आणि हाताला घड्याळ नसतानाही मनगटाकडे पाहत होता.