घरची भाषा आणि परदेशातलं विद्यापीठ



मेळघाटातल्या आमच्या शाळेत पालकसभा होती. आदिवासी मुलांना परदेशात उच्च शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळते, असं मी सांगत होते. सगळे ऐकत होते, पण फारसं कोणाला खरं वाटत नव्हतं. सभा संपल्यावर एक वडील मागे थांबले. त्यांची मुलगी दुसरीत आहे. म्हणाले, "मॅडम, तिला एवढं पुढे जायचं असेल तर घरी कोरकू बोलणं बंद करू का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी वर्गात तेच करत होते. मूल 'डा' म्हणालं की मी म्हणायची, "डा नाही, पाणी म्हण." 'उरा' म्हणालं की, "घर म्हण." हळूहळू मूल बोलायचंच थांबायचं, आणि मी प्रगतिपत्रकात शेरा लिहायची : वर्गात बोलत नाही. त्या वडिलांचा प्रश्न म्हणजे माझ्याच शिकवण्याचा निकाल होता.

त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही, ते आज दोन माणसांच्या गोष्टीतून सांगते. दोघेही आताच्या झारखंडातले, मुंडा समाजातले. दोघांच्याही घरची भाषा मुंडारी.

टकरा ते ऑक्सफर्ड

जयपाल सिंग मुंडा यांचा जन्म १९०३ मध्ये खुंटीजवळच्या टकरा गावात झाला. लहानपण गुरं राखण्यात गेलं. रांचीच्या मिशनरी शाळेत शिकताना त्यांची हुशारी दिसली आणि मिशनऱ्यांनीच त्यांना इंग्लंडला नेलं. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात ते शिकले, विद्यापीठाकडून हॉकी खेळले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, त्या संघाचे कर्णधार हेच. त्या वेळी ते आय.सी.एस.चं प्रशिक्षण घेत होते. स्पर्धेसाठी रजा मिळाली नाही, तरी ते खेळायला गेले आणि पुढे ती नोकरीही त्यांनी सोडली.

इथवरची गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. पण शिक्षक म्हणून मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ऑक्सफर्डचा हा पदवीधर १९३९ मध्ये आदिवासी महासभेचा अध्यक्ष झाला आणि नंतर संविधान सभेत गेला. १९ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी सांगितलं, की लोक आम्हाला जंगली म्हणतात आणि मला त्या नावाचा अभिमान आहे. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिकून घ्या, असंही त्यांनी सभेला सुनावलं. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं राहूनही गाव त्यांच्यातून पुसलं गेलं नव्हतं. उलट, गावाकडे जे आहे त्याची किंमत त्यांना मोठ्या सभेपुढे मांडता येऊ लागली होती.

दिउडी ते शिकागो

दुसरे डॉ. रामदयाल मुंडा. जन्म १९३९, गाव तमाडजवळचं दिउडी. रांचीला मानववंशशास्त्रात एम.ए. करून १९६० च्या दशकात ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. तिथे नॉर्मन झाइड नावाचे भाषाशास्त्रज्ञ मुंडा कुळातल्या भाषांचा अभ्यास करत होते.

आता आपल्याकडची गंमत ऐका. याच झाइड यांनी १९६० मध्ये पीएच.डी. मिळवली ती कोरकू भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवर! म्हणजे जी भाषा मी वर्गाबाहेर ठेवत होते, तिच्या अभ्यासावर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एक अमेरिकन माणूस डॉक्टर झाला होता.

कोरकू आणि मुंडारी एकाच कुळातल्या बहिणी आहेत. मधे शेकडो किलोमीटरचं अंतर आहे, तरी हे शब्द पाहा :

पाणी : कोरकू 'डा', मुंडारी 'दाः'
घर : कोरकू 'उरा', मुंडारी 'ओडाः'
आग : कोरकू 'सिंगेल', मुंडारी 'सेंगेल'

हे कूळ पुढे मेघालयातल्या खासीशी, कंबोडियातल्या ख्मेरशी आणि व्हिएतनामीशी नातं सांगतं. मेळघाटातलं मूल 'डा' म्हणतं तेव्हा ते चुकीचं मराठी बोलत नसतं. त्याच्या शब्दाचे नातेवाईक फार लांबवर पसरलेले आहेत, एवढंच.

शिकागोत रामदयाल मुंडा भाषाशास्त्र शिकले, आणि त्यांच्यासारखा जाणकार मुंडारीभाषक मिळाल्याने तिथल्या अभ्यासकांनाही बरंच शिकायला मिळालं. याला म्हणायचं सांस्कृतिक देवाणघेवाण. आपण बहुतेक वेळा यातली 'घेवाण'च लक्षात ठेवतो. आपला विद्यार्थी तिकडे जाणार, तिकडचं ज्ञान घेऊन येणार, बस्स. पण द्यायला काही असेल तरच माणूस बरोबरीने बसतो. रामदयाल यांच्याकडे द्यायला काय होतं? घरची भाषा, गाणी, बासरी, नाच आणि गावाची रीत. शाळेने हे सगळं 'विसर' म्हटलं असतं आणि त्यांनी ऐकलं असतं, तर शिकागोला ते नुसतेच मागणारे म्हणून गेले असते.

पुढे त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात शिकवलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली नोकरी सोडून ते परतले आणि रांची विद्यापीठात जनजातीय व क्षेत्रीय भाषांचा विभाग त्यांनी उभा केला. मुंडारी, संथाली, हो, खडिया, कुडुख अशा पाच आदिवासी आणि चार प्रादेशिक भाषा तिथे विद्यापीठाच्या पातळीवर शिकवल्या जाऊ लागल्या. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'जे नाची से बांची' हे त्यांचं आवडतं वचन. आपल्या मराठीत ते सहज येतं : जो नाचेल तो वाचेल.

आज कोणते मार्ग आहेत?

जयपाल सिंग यांना मिशनऱ्यांनी नेलं. आज सरकारी योजना आहेत. पालकांनी निदान यांची नावं तरी माहीत करून घ्यावीत.

१. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. पदव्युत्तर शिक्षण, पीएच.डी. आणि त्यापुढच्या संशोधनासाठी ती मिळते. वर्षाला जागा २०, त्यातल्या ३ विशेष दुर्बल आदिवासी समूहांसाठी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे असे समूह आहेत.

२. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती.

३. झारखंड सरकारची योजना. तिला जयपाल सिंग यांचंच नाव आहे : मरांग गोमके, म्हणजे थोर नेता. २०२१ मध्ये तिची पहिली ६ विद्यार्थ्यांची तुकडी ब्रिटनला गेली.

वयाची आणि उत्पन्नाची अट त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, कारण अटी बदलत असतात.

जागा थोड्या आहेत, हे खरं. नुसती घरची भाषा येऊन भागणार नाही, हेही खरं. इंग्रजी पक्कं लागतं, पदवीला चांगले गुण लागतात. पण विद्यापीठाकडे अर्ज करताना बहुतेक ठिकाणी एक निबंध मागतात : तुम्ही कोण, कुठून आलात, हाच विषय का शिकायचाय, शिकून काय करणार? ज्या मुलाला पहिलीपासून 'तुझं बोलणं चूक' असं ऐकवलंय, ते स्वतःबद्दल दोन पानं कुठून लिहिणार?

मग वर्गात काय करायचं?

मी सध्या हे करते :

• फळ्यावर दोन रकाने आखते. एका रकान्यात मुलांचा शब्द, दुसऱ्यात मराठी शब्द. मुलांचा शब्द देवनागरीत कसा लिहायचा, हे मुलंच ठरवतात. मी चुकले की हसतात, आणि हसता हसता दोन्ही शब्द पाठ होतात.

• महिन्यातून एकदा एखाद्या आजीला किंवा आजोबांना बोलावते. ते कोरकूत गोष्ट सांगतात आणि मुलं मला ती मराठीत समजावतात. त्या तासाला विद्यार्थिनी मी असते.

• तिसरीपासून पुढच्यांना 'माझं गाव' लिहायला देते. अट एकच, पुस्तकातलं वाक्य नको.

• नकाशावर टकरा, ऑक्सफर्ड, शिकागो आणि आमचं गाव दाखवते. बोट फिरवायला मुलांना फार आवडतं.

यात मराठी मागे पडत नाही. आधी जी मुलं गप्प बसायची, ती आता चुकत का होईना, मराठी बोलतात. कारण बोललं की ओरडा बसत नाही, हे त्यांना कळलंय.

त्या वडिलांना मी नंतर घरी जाऊन उत्तर दिलं. म्हटलं, "दादा, घरी कोरकूच बोला. भरपूर बोला, गाणी म्हणा, गोष्टी सांगा. मराठी आणि इंग्रजीचं मी बघते." ते काही बोलले नाहीत. मुलीला हाक मारून कोरकूत काहीतरी म्हणाले. ती आत गेली आणि माझ्यासाठी तांब्याभर डा घेऊन आली.

तुमच्या वर्गातली मुलं घरी कोणती भाषा बोलतात? उद्या त्यांना 'पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?' एवढं विचारून बघा. सुरुवातीला तेवढं पुरे.