‘तुम्ही म्हणाल तसं, सिस्टर’

अगं, काल फोनवर तू तणतणत होतीस ते सगळं ऐकून घेतलं. केसपेपर कॉम्प्युटरवर गेला, नवीन स्टाफला बोलायची रीत नाही, आणि परवा जॉइन झालेली पोरगी तुला, वीसेक वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्जला, सांगते की ‘सिस्टर, आता असं नाही करत.’ राग येणारच. पण खरं सांगू? त्या पोरीची काळजी करू नकोस. बाकीच्या ज्या मान डोलावून ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतात ना, त्यांची कर.

आपल्या कामाबाहेरची एक गोष्ट सांगते. २७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएमच्या जंबो विमानाचा कॅप्टन साधासुधा नव्हता. इतर वैमानिकांना हेच विमान शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत फोटो असलेला माणूस. ड्यूटीचे तास संपत आलेले, निघायची घाई. उड्डाणाची परवानगी मिळायच्या आधीच त्यानं विमान धावपट्टीवर पळवायला सुरुवात केली. पुढे धावपट्टीवर दुसरं जंबो अजून होतं. कॉकपिटमधल्या इंजिनिअरला शंका आली. त्यानं विचारलंसुद्धा, ते विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, झालं. पुन्हा कोणी विचारलं नाही. ५८३ माणसं गेली.

मला यात कॅप्टनच्या चुकीपेक्षा इंजिनिअरचं गप्प होणं जास्त टोचतं. शंका बरोबर होती, तोंडातून निघालीही होती, आणि एका ठाम उत्तरापुढे विरून गेली. आपलंही तसंच होतं गं. अनुभव वाढतो तसा आपला आवाज भरदार होत जातो आणि समोरचीचा बारीक. आपल्याला वाटतं, वॉर्ड कसा शिस्तीत चाललाय!

विमानवाल्यांनी यातून धडा घेतला. कनिष्ठांनी बोलायचं आणि कॅप्टननं ऐकायचं, याचंसुद्धा रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आपल्याकडची ऑपरेशन थिएटरमधली चेकलिस्टही त्याच वळणाची, तुला माहीतच आहे, जागतिक आरोग्य संघटनेची, २००८ सालची. तिच्यात चिरा देण्यापूर्वी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. पुष्कळांना तो पोरखेळ वाटतो. पण एकदा तोंड उघडलेली मुलगी पुढे गडबड दिसली तर पुन्हा उघडते, हे त्यामागचं गणित आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं.

आणि आपलं ज्ञान तरी कुठे टिकाऊ असतं? प्रसूतीआधी एनिमा द्यायचा, बाळ जन्मलं की लगेच अंघोळ घालायची, हे आपण केवढ्या निष्ठेनं शिकलो. आज एनिमा सरसकट देत नाहीत आणि अंघोळीला एक दिवस थांबा म्हणतात. ‘आता असं नाही करत’ हे वाक्य आपण आपल्या सीनियरना ऐकवलंच होतं की.

सायन हॉस्पिटलच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्याविषयी मला म्हणून फार आदर आहे. नवजात शिशू विभागात त्यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी उभी केली. एवढं नाव झाल्यावर माणूस त्याच खुर्चीत निवांत बसला असता. पण बाळं विभागात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो हे दिसलं, तेव्हा १९९९ मध्ये ‘स्नेहा’ संस्था काढून त्या धारावीच्या वस्तीत कामाला लागल्या. ज्येष्ठपण असं वापरावं.

तू काय करायचंस? ड्यूटी बदलताना ओव्हर घेतेस, तेव्हा सगळ्यांत नवीन मुलीला आधी बोलू दे, तुझं मत शेवटी. तू आधी बोललीस की उरलेल्या तुझंच पाठ म्हणतात. ‘माझं काही चुकतंय का’ असं विचारू नकोस, त्याला कोणी खरं उत्तर देत नाही. ‘काल रात्री कोणत्या कामात सगळ्यांत जास्त वेळ गेला’ असं विचार. कॉम्प्युटर शिकायचा तर केबिनचं दार लावून नको, सगळ्यांसमोर त्या पोरीकडूनच शीक. त्यात तुझा मान जात नाही. शिकताना इन्चार्जही अडखळते हे बाकीच्यांना दिसतं आणि त्यांची भीड चेपते. अधूनमधून एखादी नाइट स्वतः कर. रजिस्टरमधली रात्र आणि खरी रात्र यांत फरक असतो.

पण म्हणून आलेलं प्रत्येक नवं डोक्यावर घेऊ नकोस. स्क्रीनवर भरायचं म्हणून पेशंटकडे न बघताच नोंद करणाऱ्या मुली मला चालणार नाहीत, तुलाही चालू देऊ नकोस. इंजेक्शन देण्याआधी पेशंटला त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ही जुनी सवय. वॉर्डात कितीही घाई असली आणि कोणी कितीही हसलं, तरी तिथे तसूभरही हलू नकोस.