ताट आधी, तांब्या नंतर: वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर पाणी कसं प्यावं

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूर भागात जेवायला बसलं की ताटासोबत पाण्याचा तांब्या येतोच. भाकरीचा घास, थोडा ठेचा, मग घोटभर पाणी, हा हाताला लागलेला क्रम. वजन घटवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नेमका हाच क्रम मोडावा लागतो. ‘जेवताना पाणी नाही’ हे डॉक्टरांचं सांगणं घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच्याच जोडीचं, दिवसभरात साधारण दीड लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, हे मात्र मागे पडतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे विसरणं फार महागात पडतं. म्हणून खालची कृती पाणी तोडण्यापेक्षा ते दिवसात बसवण्याची आहे.

आधी कारण समजून घ्या. स्लीव्ह ऑपरेशनात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा वरचा साधारण ३० मिलीलिटरचा कप्पा तेवढा वापरात राहतो. एवढ्याशा जागेत अन्न आणि पाणी एकदम गेलं की छाती दाटते, मळमळतं, उलटी होते. किंवा पाण्यासोबत अन्न लवकर खाली सरकतं, पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. जेवताना घोट घोट पाणी प्यावं, असं आपली वडीलधारी माणसं सांगतात. ते सांगणं अखंड जठरासाठी आहे.

सुरुवात मापापासून करा. एक लिटरची बाटली घ्या आणि तिच्यावर पेनाने पाव-पाव लिटरच्या खुणा करा. पहिले काही आठवडे सगळं पातळच घ्यायचं असतं. तेव्हा दर पंधरा मिनिटांनी सुमारे ३० मिलीलिटर, म्हणजे दोन-तीन छोटे घोट. तासाला १२० मिलीलिटर झाले, तेरा तासांत दीड लिटर पुरं होतं. तांब्या वर धरून घटाघटा पिणं आता बंद. हवाही पोटात जाते आणि दुखतं. वाटीला तोंड लावून प्या.

घट्ट अन्न सुरू झालं की जेवणाआधी अर्धा तास पाणी थांबवायचं आणि जेवणानंतरही अर्धा तास. काही ठिकाणी आधीची पंधरा मिनिटं पुरे म्हणतात; तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिलेली वेळ खरी माना. दिवस साधारण असा लावता येतो: सकाळी सहा ते साडेसात ३०० मिलीलिटर, आठला न्याहारी. नऊ ते बारा ५०० मिलीलिटर, साडेबाराला जेवण. दीड ते साडेचार ४०० मिलीलिटर, पाचला थोडं खाणं. पावणेसहा ते सात २००, साडेसातला जेवण, आणि साडेआठनंतर उरलेले १५०. हळद काढणीच्या किंवा शिजवणीच्या कामावर उभं राहायचं असेल तर एवढ्यावर भागणार नाही. वाढीव पाणी याच मोकळ्या वेळांत बसवा.

आता ताटाकडे वळा, कारण जेवताना तहान लागते ती बहुतेक ताटामुळेच. कोरडी ज्वारीची भाकरी मऊ घट्ट वरणात किंवा दह्यात भिजवून घ्या. तिखट निम्म्याहून खाली आणा. घास बोराएवढा असू द्या आणि तोंडात त्याचा लगदा होईपर्यंत चावा. वीस-पंचवीस मिनिटं जेवण चालू द्या. आधी डाळ, अंडं, पनीर, मग भाकरी. ताक, पातळ आमटी, चहा हेही पाणीच आहे. ‘पाणी नाही घेतलं, फक्त वाटीभर ताक घेतलं’ असं अनेक जण मनापासून सांगतात. त्या ताकाची जागा जेवणानंतरच्या अर्ध्या तासापलीकडे. सोडा आणि कोल्ड्रिंक नकोच. उसाचा रसही नको, विशेषतः बायपासनंतर: साखर एकदम आतड्यात उतरते, घाम फुटतो, धडधडतं, जुलाब होतात.

घास अडकला तर? घरातलं कुणीतरी पाणी घेऊन धावत येतं. प्रेमानेच येतं, पण ते पाणी अडकलेल्या घासावर साचतं आणि फेसाळ उलटी होते. जेवण थांबवा, उभे राहा, थोडं चाला. ताट वाढणाऱ्या माणसाला हे ऑपरेशनच्या आधीच समजावून ठेवा. पंगतीतल्या आग्रहालाही तेव्हाच नम्रपणे नाही म्हणायला शिका.

शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांचं जैन क्षेत्र. इथे आणि आसपास सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नेम पाळणारी घरं आहेत. हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा. एका जेवणामागे, आधीचा-नंतरचा अर्धा तास धरून, सुमारे दीड तास जातो. तीन जेवणांचे साडेचार तास गेले की पाण्याला साडेसहा उरतात आणि तासाला २३० मिलीलिटर घ्यावे लागतात. पहिल्या महिन्यांत हे झेपणं कठीण. नेम मोडा असं मी म्हणणार नाही; पण ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी सर्जन आणि महाराज दोघांशी बोला. निर्जळी एकादशी आणि रोजा यांनाही हेच लागू आहे.

गोळ्या पाण्याच्या वेळेतच घ्या. गिळण्यापुरता घोट जेवणासोबत गेला तर बिघडत नाही.

लघवी गडद आणि कमी होणं, उठताना भोवळ, कोरडं तोंड ही पाणी कमी पडल्याची चिन्हं. घोट घोट पाणीही दिवसभर पोटात टिकत नसेल तर वाट न बघता वसमत, हिंगोली किंवा नांदेडचा दवाखाना गाठा. ताप, पोटात तीव्र दुखणं, नाडी वेगात असेल तर लगेच. तिथे पहिली गोष्ट सांगायची ती ऑपरेशनची. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की ग्लुकोजचं सलाईन लागतं. पण बरेच दिवस उलट्या झालेल्या अशा रुग्णाला आधी बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. नाहीतर ग्लुकोजमुळे मेंदूला इजा होऊ शकते. ऑपरेशनच्या कागदाचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, सर्जनच्या दवाखान्याच्या नंबरासह.