सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही



हंगाम तोंडावर आला की तोडणीच्या टोळ्या आणायला आपल्यातले बरेच जण सातपुड्यात गाड्या घेऊन जातात. गाड्या बहुतेक जुन्या डिझेल पिकअप. अक्कलकुवा तालुक्याच्या पार टोकाला, नर्मदेकाठी मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात गावाच्या खालच्या वस्त्या गेल्या, घरे डोंगरात वर सरकली. तिथे गाडी बंद पडली तर मिस्त्री हाकेच्या अंतरावर नसतो. गेल्या हंगामात मी तिथे मुक्कामाला होतो. पहाटे गाडी सुरू होईना. आमच्या ड्रायव्हरने किल्ली फिरवून धरली ती धरलीच, आणि बॅटरी बसवली. टोळीतल्या एका पोराला ताप होता. त्याला शेवटी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात न्यावे लागले. दोष निघाला एका सैल बोल्टाचा! काम दहा मिनिटांचे, पण तपासायचे कुठून हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

सेल्फ मारायचा तो दहा सेकंद, मग निदान अर्धा मिनिट बॅटरीला विसावा. आणि सेल्फ मारताना एका माणसाने मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. निम्मे निदान तिथेच होते. धूर अजिबात नाही, म्हणजे इंजिनात डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही.

धूर नसेल तर पहिल्यांदा स्टॉपची दांडी पूर्ण आत गेली आहे का बघा. हसू नका, यात भले भले फसतात. ज्या गाडीला दांडीऐवजी किल्लीचा स्टॉप आहे, तिथे किल्ली चालू करताच डिझेल पंपाजवळ ‘टक्’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर सोलेनॉइडची वायर निसटली आहे का पाहा.

तेही ठीक असेल तर लाइनीत हवा शिरली असे समजा. आपल्याकडे हे फार होते. टाकीत डिझेल थोडे, गाडी तीव्र चढावर, की डिझेल मागे जाते आणि नळी हवा ओढते. चढावर तोंड वर करून रात्रभर गाडी लावली आणि कुठे जोड सैल असेल, तर लाइनीतले डिझेल टाकीकडे उतरते. आमचे तेच झाले होते. फिल्टरवरच्या बोल्टाचा तांब्याचा वॉशर चेपून गेला होता. अशा वेळी फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. पंपावरही तसेच. कॅनमधून डिझेल भरले असेल तर फिल्टरच्या तळाचे पाणी आधी सोडावे. नोझलचे नट सैल करावे लागले तर तोंड व हात दूर ठेवा, ती धार कातडीत घुसते. बिडी तर लांबच.

पांढरा धूर येत असेल तर हीटर प्लग पाहायचे. महिंद्राच्या जुन्या प्यूजो इंजिनाला थंडीत त्यांच्याशिवाय चालत नाही. जोडपट्टी काढून टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला व दुसरी प्लगच्या टोकाला लावावी. दिवा लागला नाही तर प्लग जळाला. हीटरच्या इंजिनात ईथर किंवा पेट्रोल मुळीच फवारू नये, भडका उडतो.

सेल्फ रेंगाळत फिरत असेल तर वरची सगळी तपासणी फुकट. डिझेल पेटते ते दाबाच्या उष्णतेने, आणि हळू फिरणाऱ्या इंजिनात तेवढी उष्णता होतच नाही. तेव्हा बॅटरीची टोके खरवडून घट्ट करा, अर्थिंगची पट्टीही बघा. उतारावर ढकलून सुरू करताना मात्र ब्रेकला नेहमीची मदत नसते, पाय जोरात लागतो. घाटात हा खेळ नको.

नव्या कॉमन रेल गाड्यांच्या नळ्या कोणी खोलू नयेत, तिथला दाब जीवघेणा असतो. जुनी गाडी घेऊन डोंगरात जाताना मात्र तांब्याचे चार वॉशर, पाने, टेस्ट लॅम्प आणि एक डिझेल फिल्टर सीटखाली असू द्या.