हिशेबाची पेटी आणि बंद कपाटाची गरमी

माल गेला तर पुन्हा भरता येतो, पण उधारीचे खाते गेले तर वसुलीला कोणत्या तोंडाने जायचे? पूर्वी खातेवह्या तिजोरीत असत. आज बिले, पार्ट्यांची खाती, डिझाइनचे फोटो, सारे संगणकात आहे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक आहे. म्हणून अनेक छोट्या पेढ्या नेटवर्क स्टोरेज, म्हणजे ऑफिसातील सर्व संगणकांची एक सामाईक डिस्क-पेटी, घेऊ लागल्या आहेत. चोरीच्या भीतीने ती जिन्याखालच्या कपाटात कुलूपबंद होते. घोटाळा इथेच होतो.

बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात अशा पेटीसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश दिलेली असते. मालेगावात उन्हाळ्यात बाहेरचा पाराच चाळीस ओलांडतो. शिवाय पेटी जितके वॅट वीज खाते, तितकी उष्णता कपाटात सोडते. दोन डिस्कची पेटी साधारण १५ ते २५ वॅट, चार डिस्कची ३० ते ४० वॅट घेते. जुना संगणकच सर्व्हर म्हणून ठेवला तर ५० ते १०० वॅट. तेव्हा किती टीबी हे नंतर विचारावे, किती वॅट हे आधी.

खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करावी. मे महिन्याच्या दुपारी कपाटात २५ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून दार बंद करावे व आत थर्मामीटर ठेवावा. बल्ब कापड व लाकडापासून दूर असावा आणि कुणीतरी समोर बसून असावे. तीन-चार तासांनी पारा चाळीसच्या जवळ गेला, तर त्या कपाटाचा नाद सोडावा.

पारा थोडा खाली राहिला, तर दाराला खाली व वर जाळीची भोके पाडावीत आणि वरच्या भोकात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवावा. मात्र पंखा कपाट खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच तापत असेल, तर पेटी तळमजल्यावर सावलीच्या भिंतीला हलवावी. लूमजवळ सुताचे तंतू उडतात. खालच्या जाळीला गाळणी लावून ती दर आठवड्याला झाडावी.

छोट्या पेढीला दोन डिस्कची पेटी पुरते. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहील अशी मिरर पद्धत ठेवावी. डिस्क ७२०० ऐवजी ५४०० फेऱ्यांची घ्यावी, ती कमी तापते. दुकानदाराला ‘सीएमआर आहे का’ हे विचारावे. एसएमआर डिस्क मिरर पुन्हा उभारताना फार रेंगाळते. मजकूर एक टीबीच्या आत असेल, तर जास्त पैसे देऊन एसएसडी घेणे परवडते. ती आणखी कमी वीज खाते. यूपीएस कपाटाबाहेर ठेवावा, कारण गरमीत त्याच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

डिस्कचे तापमान पेटी स्वतः दाखवते. ते ४५ अंशांच्या आत राहील असे पाहावे आणि ५० वर इशारा लावावा.

शेवटची गोष्ट. मिरर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेले खाते दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसले जाते, आणि व्हायरस आला तर दोन्हींना गाठतो. म्हणून दर जुम्याला सुट्या डिस्कवर नक्कल काढून, तार काढून ती घरी न्यावी. पेटी बिघडली तर बाजारात दुसरी मिळेल. खाते बाजारात मिळत नाही.