गच्चीवरील उभा अँटेना : धातूचा कीं फायबरग्लासचा?

26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां उपनगरांत टेलिफोन व मोबाईल अनेक ठिकाणीं मुके झाले. ज्याचें घर बोरिवलीस व वाडी खाडीपलीकडे गोराईस, अशा बागाइतदारानें सी. बी. रेडिओचा विचार मनांत आणावा हें योग्यच होय. 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांतील 5 वॉटपर्यंतच्या यंत्रांस 2005 सालच्या नियमांनीं परवान्यांतून सूट मिळाली. परंतु सूट म्हटली कीं अटी आल्याच, हें महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यानें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. तरी गच्चीवर निराळा अँटेना उभारण्यापूर्वीं त्याविषयींचा चालू नियम अक्षरशः वाचून घ्यावा.

या पट्ट्यांतील लहरीची लांबी सुमारें 11 मीटर, म्हणून अर्ध्या लहरीचा अँटेना सुमारें 18 फूट भरतो. फायबरग्लास स्वतः लहरी फेंकीत नाहीं; तें काम आंतील तारेचें. नळी केवळ तारेस उभें धरते. सबब लांबी व जागा सारखी असतां ऐकूं येण्यांत फारसें अंतर पडत नाहीं. बोरिवली व मुलुंड यांमधील डोंगर आड आला, तर तेथें धातूही हरतो आणि फायबरग्लासही. उंचीच काय ती थोडीफार उपयोगी पडते.

खरा भेद टिकाऊपणाचा. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकींत एक बसविलेल्या असतात, आणि खारी हवा नेमकी त्या सांध्यांत शिरते. तेथें पांढरी भुकटी सांचते, लोखंडी स्क्रू गंजतो, व प्रवाहास अडथळा होतो. म्हणून दरसाल वैशाखांत अँटेना उतरवून सांधे घांसावे, वीजवाहक मलम लावावें, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घालावे, आणि एस. डब्ल्यू. आर. मीटरनें लांबी पुन्हा जुळवावी. हें सर्व घरच्या घरीं होतें, हाच धातूचा मोठा गुण. वाकलेली नळी मात्र सहसा पूर्ववत् सरळ होत नाहीं. मे 2021 मधील तौक्तेसारख्या वादळांत फायबरग्लास लवून पुन्हा उभा राहण्याचा संभव अधिक. पण उन्हानें त्याचा लेप झिजून तंतू उघडे पडतात (उघड्या हातानें धरूं नये, कुसळांसारखे रुततात), भेगेंतून पाणी आंत जातें, आणि आंतील तार तुटली तर बाहेरून कळतही नाहीं.

मुलुंड-घाटकोपरकडे, समुद्रापासून दूर, आम्ही धातूचाच घ्यावा म्हणूं. गोराई, मनोरीकडे ज्यास दरसाल गच्चीवर चढणें होत नाहीं, त्यानें जाड, बिनसांध्याचा फायबरग्लास घ्यावा. अंधेरी व घाटकोपर विमानतळानजीक असल्यानें तेथें उंचीचे निर्बंध आधीं विचारावे.

फायबरग्लासमधून वीज जात नाहीं, म्हणून तो विजेच्या तारेस लागला तरी चिंता नाहीं, अशी एक समजूत आहे. ती प्राणघातक आहे. आंत तांबें आहे, आणि खालीं खांब बहुधा लोखंडीच असतो. खांब व अँटेना मिळून जितकी लांबी, तिच्या निदान दुप्पट अंतर विजेच्या तारेपासून राखावें. उभारतांना तोल जाऊन तो तारेकडे झुकूं लागला, तर सांवरूं न जातां हात सोडून दूर व्हावें.